अवकाशातून वीज आणायची तर आधी जगदीशचंद्र बोस समजून घ्या

अकलूजच्या शिवारात आजही हे दृश्य दिसतं. शेतीच्या लाईटला त्या आठवड्यात रात्रपाळी असते. उसाला पाणी द्यायचं असतं. विहिरीवरच्या पेटीत मोबाईल स्टार्टर बसवलेला असतो, त्यात एक सिमकार्ड. शेतकरी घरातूनच त्या नंबरला फोन लावतो, ठरलेला आकडा दाबतो आणि लांब रानातली मोटर सुरू होते. मोटर घरबसल्या सुरू झाली तरी दारं धरायला मात्र बॅटरी घेऊन अंधारात जावंच लागतं. सापाची भीती, बिबट्याची भीती, हिवाळ्यातली थंडी, सगळं सोसून.

अशा वेळी हातात स्मार्टफोन असलेल्या कुठल्याही पोराच्या मनात एक प्रश्न येऊ शकतो. फोनची लहर हवेतून जाऊन मोटर सुरू करते, तर मग वीजच हवेतून का येत नाही? पुढचा प्रश्नही ओघानंच येतो. अवकाशात खूप वर गेलं की जवळजवळ रात्रच होत नाही. तिथं सोलर पॅनल लावून वीज खाली सोडली तर रात्रपाळीची कटकटच संपेल की!

हा प्रश्न वेडगळ नाही. जगातल्या मोठमोठ्या संस्था यावर गेली पन्नासहून जास्त वर्षं काम करत आहेत. पण त्याचं उत्तर नीट कळायचं असेल तर एका माणसाची गोष्ट आधी ऐकावी लागेल. त्यांना तुम्ही शाळेत भेटलेला आहात, झाडांच्या संवेदनांवर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ म्हणून. जगदीशचंद्र बोस. झाडांच्या आधी त्यांनी जे केलं ते शाळेत फारसं सांगत नाहीत, आणि आपल्या प्रश्नाची चावी नेमकी तिथंच आहे.

मातृभाषेच्या शाळेतला मुलगा

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी बंगालमधल्या मैमनसिंग इथं झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत वरच्या पदावर होते. त्या काळी अशा घरातली मुलं सरळ इंग्रजी शाळेत जायची. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. आपली भाषा आणि आपली माणसं आधी कळली पाहिजेत, असं त्यांचं मत होतं. त्या शाळेत जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या शिपायाचा मुलगा बसायचा आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. त्यांच्याकडून पक्षी, प्राणी आणि पाण्यातल्या जीवांच्या गोष्टी ऐकतच निसर्गाची ओढ लागली, असं ते पुढे सांगत.

नंतर कोलकात्याचं सेंट झेवियर्स. तिथं फादर लाफों हे शिक्षक प्रयोग करून दाखवत भौतिकशास्त्र शिकवायचे. मग 1880 मध्ये जगदीशचंद्र डॉक्टर व्हायला लंडनला गेले. पण अंगात ताप मुरलेला होता आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासानं तब्येत आणखी बिघडायची. वैद्यकीय शिक्षण सोडावं लागलं. ते केंब्रिजला गेले आणि विज्ञान शिकू लागले. तिथं त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले. 1884 पर्यंत केंब्रिजची आणि लंडनची अशा दोन्ही पदव्या मिळवून ते परत यायला निघाले.

तीन वर्षं काम, पगार शून्य

1885 मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथं पहिला धक्का बसला. त्याच कामाला भारतीय प्राध्यापकाला इंग्रज प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळायचा. त्यात बोस यांची नेमणूक तात्पुरती, म्हणून त्याचाही निम्मा. म्हणजे शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या गोऱ्या माणसाला तीन रुपये मिळत असतील तर यांना एक.

बोस यांनी भांडण केलं नाही, नोकरीही सोडली नाही. रोज वेळेवर जाऊन शिकवायचं, पण पगाराला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. हे तब्बल तीन वर्षं चाललं. घरची परिस्थिती तेव्हा चांगली नव्हती. वडिलांचे उद्योग बुडाले होते आणि कर्ज झालं होतं. 1887 मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालं, त्यांनीही ही ओढाताण सोसली. शेवटी कॉलेजला नमावं लागलं. बोस यांना कायम केलं गेलं आणि मागच्या तारखेपासून पूर्ण पगार मिळाला. ती रक्कम वडिलांचं कर्ज फेडण्यात गेली.

शिकवण्याची नोकरी पक्की झाली, पण संशोधनासाठी कॉलेजात ना प्रयोगशाळा होती ना पैसा. वयाची पस्तिशी गाठल्यावर बोस यांनी ठरवलं की आता थांबायचं नाही. बाथरूमला लागून असलेली एक लहानशी खोली त्यांनी प्रयोगशाळा केली. उपकरणं बनवायला एक पत्र्याचं काम करणारा कारागीर हाताशी धरला. खर्च स्वतःच्या खिशातून. शिकवून झालं की मग प्रयोग.

छोट्या खोलीत बसतील अशा लहरी

तेव्हा सगळीकडे एकच चर्चा होती. जर्मनीच्या हाइनरिश हर्ट्झ यांनी 1887 आणि 1888 मध्ये रेडिओ लहरी प्रयोगशाळेत तयार करून दाखवल्या होत्या. रेडिओ लहर आणि प्रकाश ही एकाच कुळातली भावंडं आहेत, फरक फक्त लहरीच्या लांबीचा, हे त्यातून सिद्ध होत होतं. पण हर्ट्झच्या लहरी लांबच लांब होत्या. त्यांच्यावर प्रकाशासारखे प्रयोग करायचे तर आरसे आणि भिंगं खोलीएवढी लागली असती.

बोस यांच्याकडे खोलीच लहान. मग त्यांनी लहरच लहान केली. 25 मिलिमीटरपासून 5 मिलिमीटरपर्यंतच्या लहरी त्यांनी तयार केल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर जवळपास 60 गिगाहर्ट्झपर्यंत. तुमच्या 5जी फोनच्या संदर्भात मिलिमीटर वेव्ह हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्या पट्ट्यात कोलकात्याच्या त्या खोलीत 1895 च्या सुमारास काम सुरू झालं होतं.

या लहरी एका दिशेनं नेण्यासाठी त्यांनी धातूच्या नळ्या वापरल्या आणि त्या पकडायला नरसाळ्यासारखं तोंड बसवलं. आज यांनाच वेव्हगाइड आणि हॉर्न अँटेना म्हणतात. लहरींची दिशा गाळून घेण्यासाठी पीळ दिलेला ताग वापरला. रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानांत कथलाचा वर्ख घालूनही तेच काम करून पाहिलं. हाताशी असेल त्यातून उपकरण बनवायचं, ही त्यांची पद्धत होती.

घंटा वाजली, पण वीज कुणाची होती?

मग कोलकात्यात लोकांसमोर प्रयोग झाले. एका खोलीतून बोस यांनी लहर सोडली. मध्ये भिंत होती. समोर बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर अलेक्झांडर मॅकेन्झी होते, लहर त्यांच्या देहातूनही पार झाली. पलीकडे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा छोटा स्फोट झाला. कुठलीही तार नव्हती. पाहणाऱ्यांना ही जादूच वाटली असणार.

आता इथं थोडं थांबा, कारण सगळा मुद्दा याच ठिकाणी आहे.

घंटा वाजवायला लागणारी ताकद त्या लहरीनं आणली होती का? नाही. घंटेजवळ स्वतःची बॅटरी होती. लहर आली, तिनं डिटेक्टर नावाच्या भागात बदल घडवला, त्यामुळे सर्किट जुळलं आणि जवळच्याच बॅटरीतली वीज घंटेकडे गेली. लहरीनं फक्त बटण दाबलं. काम बॅटरीनं केलं.

अकलूजच्या विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर हेच करतो. तुमच्या कॉलची लहर येते, पेटीतला रिले खटकन जुळतो आणि महावितरणच्या तारेतली वीज मोटरीत जाते. म्हणून तर लाईट नसेल तेव्हा कितीही फोन लावा, मोटर हलत नाही.

फरक केवढा आहे हे आकड्यांत पाहा. तुमच्या फोनला टॉवरकडून बऱ्यापैकी रेंज मिळत असते तेव्हा त्याच्यापर्यंत पोचणारी ताकद साधारण एका वॅटच्या एक लाख कोटीव्या भागाइतकी असू शकते. तेवढ्यावर व्हिडिओ चालतो, कारण फोन चालवणारी वीज त्याच्या स्वतःच्या बॅटरीची असते. उलट 5 एचपीच्या मोटरीला सुमारे 3,700 वॅट लागतात. निरोप आणि वीज, दोन्ही एकाच जातीच्या लहरीवरून येऊ शकतात. पण निरोप पोचवणं आणि वीज पोचवणं यात चिठ्ठी पाठवणं आणि धान्याचा ट्रक पाठवणं एवढं अंतर आहे.

बोस यांनी चिठ्ठी पोचवली होती. गंमत अशी की ट्रकसाठी पुढे जे सुटे भाग लागले, तेही त्यांच्या टेबलावर होते.

गॅलेनाचा खडा

1896 मध्ये लंडन विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली. जानेवारी 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. कोलकात्यात बनवलेली उपकरणं पाहून तिथले शास्त्रज्ञ थक्क झाले.

पण बोस यांचं लक्ष डिटेक्टरवर होतं. तेव्हाचे डिटेक्टर लहरी होते. एकदा लहर पकडली की ते ठोकून परत ठिकाणावर आणावे लागायचे. बोस यांनी वेगवेगळे पदार्थ तपासायला सुरुवात केली आणि ते गॅलेनापर्यंत पोचले. गॅलेना म्हणजे शिशाचं चकचकीत काळसर खनिज. त्याच्या स्फटिकाला धातूचं बारीक टोक हलकेच टेकवलं की तो रेडिओ लहर पकडतो, असं त्यांना दिसलं. अशा जोडात वीज सरळ हिशोबानं वाहत नाही. साध्या तारेत दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो, इथं तसं होत नाही. हा सेमीकंडक्टर होता, आणि तो शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

अशा स्फटिकांमध्ये वीज एका बाजूनं सहज जाते आणि उलट बाजूनं अडते, हे जर्मनीचे फर्डिनांड ब्राउन यांनी 1874 मध्येच पाहिलं होतं. रेडिओ लहर पकडण्यासाठी असा स्फटिक वापरून त्याचं पेटंट मात्र बोस यांच्या नावावर आहे. अर्ज 1901 चा, अमेरिकेनं पेटंट दिलं 29 मार्च 1904 रोजी. सेमीकंडक्टरच्या उपकरणाला मिळालेलं ते जगातलं पहिलं पेटंट मानलं जातं. तुमच्या फोनच्या चिपमध्ये असलेले अब्जावधी सेमीकंडक्टर भाग याच घराण्यातले.

आणखी एक गोष्ट. तोच गॅलेनाचा खडा प्रकाशालाही प्रतिसाद द्यायचा. म्हणून बोस त्याची तुलना डोळ्याच्या पडद्याशी करायचे. एकच उपकरण प्रकाशही ओळखतं आणि रेडिओ लहरही ओळखतं.

आता अवकाशातल्या वीजप्रकल्पाची साखळी डोळ्यासमोर आणा. वर काय लागतं? प्रकाश पडला की वीज देणारा सेमीकंडक्टर, म्हणजे सोलर सेल. खाली काय लागतं? रेडिओ लहर पडली की तिची सरळ वीज करणारा सेमीकंडक्टर, म्हणजे डायोड. बोस यांनी यातलं काहीच वीज गोळा करायला बनवलं नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. त्यांना फक्त लहर ओळखायची होती. पण साखळीच्या दोन्ही टोकांना जे घडतं, त्याची नातलग असलेली प्रक्रिया त्यांनी एकाच खड्यात पाहिली होती.

पेटंटचा तिटकारा

ते पेटंटही बोस यांनी आपणहून घेतलं नव्हतं. ज्ञान विकायचं नसतं, अशी त्यांची धारणा होती. 1901 मध्ये लंडनमध्ये तार व्यवसायातल्या एका मोठ्या उद्योजकानं त्यांना नफ्यात भागीदारीचा प्रस्ताव दिला होता, तो त्यांनी नाकारला. सारा बुल या अमेरिकन स्नेही आणि भगिनी निवेदिता यांनी खूप आग्रह केला तेव्हा कुठे अर्ज गेला. पेटंट मिळालं, पण त्यावर पैसा करायला ते गेले नाहीत.

याच काळात मार्कोनी बिनतारी संदेशाचा धंदा उभारत होते. 1909 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळालं. मार्कोनींनी वापरलेल्या एका डिटेक्टरची मूळ कल्पना बोस यांची होती, असं काही अभ्यासकांनी नंतर मांडलं. श्रेयाचा तो वाद आजही रंगतो. पण आपल्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. प्रयोग यशस्वी होणं ही एक पायरी. तो रोज, सगळ्यांसाठी, परवडेल अशा दरात चालणं ही दुसरी. बोस पहिल्या पायरीचे राजे होते, मार्कोनी दुसरीचे. अवकाशातली वीज आज याच दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकली आहे.

झाडांकडे, आणि शेवटपर्यंत

1900 नंतर बोस हळूहळू दुसऱ्याच वाटेला लागले. डिटेक्टर सतत वापरला की थकतो आणि विश्रांती दिली की सावरतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मग सजीव आणि निर्जीव यांच्या प्रतिसादात नेमका फरक काय, हा प्रश्न त्यांना सोडेना. तिथून ते वनस्पतींकडे वळले. झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनवलं. इंग्लंडमधल्या काही शास्त्रज्ञांनी विरोध केला, शंका घेतल्या. त्यांनी पुन्हापुन्हा प्रयोग करून दाखवले.

1917 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी आपल्या वाढदिवशी, 30 नोव्हेंबरला, त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केलं. ज्याला स्वतःला संशोधनासाठी धड खोली मिळाली नव्हती, त्यानं पुढच्यांसाठी अख्खी संस्था उभी केली. 1920 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह इथं त्यांचं निधन झालं. एकोणऐंशी पूर्ण व्हायला एक आठवडा बाकी होता.

बटण दाबणारी लहर वीज आणू लागली

बोस गेले त्यानंतर सत्तावीस वर्षांनी अमेरिकेत एक छोटं हेलिकॉप्टर हवेत उडालं. त्यात इंधन नव्हतं, बॅटरीही नव्हती. 1964 मध्ये रेथिऑन कंपनीचे विल्यम ब्राउन यांनी जमिनीवरून मायक्रोवेव्हचा झोत सोडून ते सुमारे 18 मीटर उंचीवर तरंगत ठेवलं. नोबेल मिळवणारे ब्राउन वेगळे आणि हे वेगळे, नावात गल्लत करू नका.

त्या हेलिकॉप्टरच्या पोटाशी जाळी होती. जाळीत छोटे अँटेना आणि प्रत्येकाला जोडलेले डायोड. याला रेक्टेना म्हणतात. 2.45 गिगाहर्ट्झची लहर सेकंदाला 245 कोटी वेळा पुढे-मागे हेलकावते. अशा हेलकाव्यावर मोटर चालत नाही, सरळ एका दिशेचा प्रवाह हवा. डायोड तेच करतो. तुमच्या पाइपलाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो ना, पाणी पुढे जाऊ देणारा पण मागे न येऊ देणारा? डायोड म्हणजे विजेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. ब्राउन यांनी वापरलेले डायोड पॉइंट-कॉन्टॅक्ट जातीचे होते, म्हणजे सेमीकंडक्टरच्या तुकड्याला टेकवलेलं धातूचं टोक. बोस यांच्या गॅलेनाच्या खड्याची आठवण यावी अशीच ती रचना.

1968 मध्ये पीटर ग्लेझर यांनी संपूर्ण कल्पना मांडली. पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटरवर, जिथं आपले इन्सॅट आणि जीसॅट उपग्रह असतात, तिथं प्रचंड सोलर पॅनल लावायचे. तिथं प्रत्येक चौरस मीटरवर 1,361 वॅट ऊन पडतं. ढग नाहीत, पावसाळा नाही. वर्षातला 99 टक्क्यांहून जास्त वेळ ऊनच. ती वीज मायक्रोवेव्ह करून खाली सोडायची आणि रेक्टेनानं पकडायची. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन इथं ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड किलोमीटर अंतरावर 30 किलोवॅटहून जास्त वीज अशी हवेतून पोचवली. तेवढ्यावर 5 एचपीच्या आठ मोटरी चालतील.

म्हणजे होऊ शकतं का, या प्रश्नाचं उत्तर 1975 मध्येच मिळालं. होय.

बोस यांची 60 गिगाहर्ट्झची लहर मात्र इथं चालत नाही, कारण हवेतला ऑक्सिजनच ती शोषून घेतो. 2.45 गिगाहर्ट्झ ढग-पावसातून जवळजवळ बिनबोभाट पार होते. तुमचं वायफाय आणि घरातला मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतात.

मग अडलंय कुठं?

पहिली अडचण आकाराची. लहर जितकी लांबून येते तितकी पसरते. टॉर्चचा झोत जवळच्या भिंतीवर छोटा दिसतो आणि लांबच्या झाडावर मोठा, तसंच. अमेरिकेत नासा आणि ऊर्जा खात्यानं 1970 च्या दशकाच्या शेवटी तपशीलवार आराखडा केला. 5,000 मेगावॅटसाठी अवकाशात 5 बाय 10 किलोमीटरचे पॅनल, 1 किलोमीटर व्यासाचा अँटेना आणि जमिनीवर 10 बाय 13 किलोमीटरचा लंबगोल रेक्टेना. त्याचं क्षेत्रफळ काढलं तर जवळपास 25 हजार एकर येतं. छोटा प्रयोग करून मग हळूहळू मोठा करायचा, ही सोय इथं फारशी नाही, कारण अंतर तेवढंच राहतं.

दुसरी अडचण वजनाची. त्या आराखड्यातला एक उपग्रह तीस हजार टनांपेक्षा जास्त भरत होता. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे 420 टनांचं आहे. आपल्या इस्रोचं एलव्हीएम-3 रॉकेट त्या उंच कक्षेच्या वाटेवर एका खेपेला साधारण 4 टन नेतं. भागून पाहा, साडेसात हजार खेपा होतात. आता पॅनल खूप हलके झालेत आणि रॉकेट स्वस्त होतायत, तरी हा डोंगर लहान नाही.

तिसरी शंका सगळ्यांना येते. त्या झोतात माणूस भाजेल का? जुन्या आराखड्यात झोताच्या मध्यभागी तीव्रता चौरस मीटरला 230 वॅट होती. भर दुपारचं ऊन 1,000 वॅटच्या आसपास असतं. म्हणजे पक्षी भाजून खाली पडतील असं नाही. पण मायक्रोवेव्हसाठी सर्वसामान्य माणसांची सुरक्षित मर्यादा साधारण 10 वॅट धरतात. त्यामुळे कुंपण हवंच, आणि झोत भरकटला तर आपोआप विस्कटेल अशी व्यवस्थाही हवी.

चौथी आणि खरी अडचण दराची. जानेवारी 2024 मध्ये नासानं एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वेगवेगळ्या आराखड्यांसाठी युनिटचा खर्च 0.61 डॉलर आणि 1.59 डॉलर निघाला. त्या वेळच्या दरानं साधारण 50 आणि 130 रुपये. या दरानं उसाला पाणी दिलं तर कारखान्याचं बिल मोटरीच्या बिलातच जाईल.

काम थांबलेलं मात्र नाही. 2023 मध्ये कॅलटेक या अमेरिकन संस्थेनं एक छोटं उपकरण कक्षेत पाठवलं. त्यानं अवकाशातच साधारण फूटभर अंतरावर हवेशिवाय, तारेशिवाय वीज पोचवून एलईडी पेटवले. खाली पृथ्वीकडे रोखलेला त्याचा झोत मे महिन्यात कॅलटेकच्या इमारतीच्या छतावर ओळखता आला. नीट पाहा. फूटभरावर वीज पोचली, पृथ्वीपर्यंत मात्र फक्त ओळख पटण्याइतकी लहर आली. ट्रक फूटभर गेला आणि घरी आली ती चिठ्ठी. बोस यांच्या घंटेपाशी आपण जो फरक पाहिला तोच इथं परत भेटतो.

आता अकलूजचा हिशोब

25 हजार एकरांवर रेक्टेनाऐवजी साधे सोलर पॅनल लावले तर? जमिनीवर एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात. म्हणजे तेवढ्याच जागेत भर उन्हात 5,000 ते 6,000 मेगावॅट मिळतात. जवळपास सारखाच आकडा! हो, रेक्टेनाच्या जाळीखाली ऊन-पाऊस येतो, तिथं काही पिकं घेता येतील हा त्याचा फायदा. पण खरं भांडण रात्रीचं आहे. अवकाशातली वीज रात्रीही येणार आणि पावसाळ्यातही येणार, जमिनीवरची नाही.

मग विचारा, रात्री वीज कुणाला हवी? दवाखान्याला हवी, घरातल्या पंख्याला हवी, कारखान्याला हवी. विहिरीवरच्या मोटरीला? तिला रात्रीची वीज नकोच आहे. शेतकरी रात्री पाणी देतो ते लाईट तेव्हा येते म्हणून. पिकाला तशी काही हौस नसते. पाणी देणं हे उन्हाची वाट बघू शकणारं काम आहे. म्हणून गावाजवळच सोलर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज देणं जास्त शहाणपणाचं ठरतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच विचारावर उभी आहे. सोलापूर जिल्ह्यात तर उन्हाची कमतरता कधीच नव्हती. ज्यांना रात्री वीज लागतेच, त्यांच्यासाठी बॅटऱ्या आहेत आणि दिवसा पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारे घाटघरसारखे प्रकल्प आहेत. अवकाशातल्या विजेला पुढे यायचं तर या सगळ्यांच्या दरांशी टक्कर द्यावी लागेल.

म्हणजे अवकाशातली वीज खोटी आहे का? अजिबात नाही. विज्ञान पक्कं आहे, प्रत्येक सुटा भाग वेगवेगळा चालवून पाहिलेला आहे. बाकी आहे तो वजनाचा, आकाराचा आणि पैशाचा हिशोब. पुढच्या वेळी कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर अवकाशातून फुकट वीज येणार असा मेसेज पाठवला तर एकच प्रश्न विचारा. ती लहर नुसतं बटण दाबतेय, की खरंच वीज घेऊन येतेय? आणि घेऊन येत असेल, तर किती वॅट, किती अंतरावरून, युनिटला किती रुपयांनी?

बोस यांनी तो जमाव टाळ्या वाजवत असतानाही डिटेक्टरकडेच पाहिलं. घंटा वाजली यावर ते थांबले नाहीत, ती नेमकी कशामुळे वाजली हे शोधत गॅलेनाच्या खड्यापर्यंत गेले. आज रात्री कुणाच्या रानात मोबाईल स्टार्टरनं मोटर सुरू होईल तेव्हा पेटीतला तो रिलेचा खट् आवाज ऐका. कोलकात्यातली ती घंटा याच पद्धतीनं वाजली होती.